लाल चांदणीचा रकाना

माझ्या गिऱ्हाइकांना मी पहिला प्रश्न एकच विचारते: तुमच्या वेबसाइटवर माणूस कशासाठी येणार? यावर ते असे चेहरे करतात, जसं काही मी त्यांच्या खानदानाचा उद्धार केलाय. कशासाठी म्हणजे काय? आम्हाला बघायला!

जयपुरात येऊन मला एकवीस वर्षं झाली. नवरा इथल्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे, आणि मी घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून लोकांच्या वेबसाइट बनवते. या काळात मी इतक्या वाईट वेबसाइट पाहिल्या, आणि गिऱ्हाइकाच्या हट्टापायी त्यातल्या काही स्वतःच्या हातांनी केल्या, की माणसांच्या अकलेबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही.

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात माझा एक कारखानदार आहे. संगमरवर कापायची यंत्रं बनवतो, आणि उत्तम बनवतो. मी हातात घेण्याआधी त्याची वेबसाइट उघडली की पहिल्यांदा त्याचे स्वर्गवासी वडील यायचे, चंदनाच्या हारासकट. मग हात जोडलेली एक बाहुली वाकून नमस्कार करायची. मग कारखान्याच्या फाटकाचा फोटो, त्यावर पिवळी अक्षरं, आणि ती वाचायला घ्यावीत तोवर उजवीकडून डावीकडे पळून गेलेली. यंत्र कुठंच नाही. मी म्हटलं, "भाईसाहब, यंत्र शोधत आलेल्या माणसाला आधी तुमच्या वडिलांचं दर्शन कशाला?" तो शांतपणे म्हणाला, "ऑफिसमध्ये शिरल्यावरही पहिले बाबूजीच दिसतात." त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

आमेरच्या एका गेस्टहाउसवाल्याने फोन नंबर एका नक्षीदार झरोक्याच्या चित्रात रंगवून घेतला होता. दिसायला सुरेख. पण तो चित्राचा भाग, त्यामुळे त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. पाहुणा गाडीत बसून पेन्सिल शोधणार का, असं मी विचारलं, तर म्हणे, "लिख लेंगे, मॅडम, जिसको आना है वो लिख लेगा." चौमू गावातल्या एका शाळेच्या वेबसाइटवर फावडं मारणाऱ्या मजुराचं चित्र होतं आणि खाली लिहिलेलं, काम चालू आहे. तो मजूर इतकी वर्षं खणत होता की एव्हाना विहिरीला पाणी लागायला हवं होतं. आणि ती एक जात तर सगळीकडे आहेच: आत पाऊल टाकलं नाही तोच खिडकी उघडून विचारणारी, आमची सेवा कशी वाटली? अरे, आधी कर तर सेवा!

या सगळ्यांचा रोग एकच. आलेला माणूस घाईत असतो, त्याला काहीतरी हवं असतं, आणि ते नाही मिळालं तर तो भांडत नाही, तक्रार करत नाही, गुपचूप निघून जातो, हे यांच्या डोक्यात शिरत नाही. दुकानातून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर निदान पाठमोरं दिसतं. इथं तेही दिसत नाही. मग हे आपले आरशासमोर उभे राहून स्वतःच्याच मिशीला पीळ देत बसतात.

पण हे बिचारे व्यापारी. खरे नमुने बघायचे तर आमचं मराठी मंडळ.

मंडळात निवृत्त फौजी अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक आणि त्यांच्या बायका. एक बरा हॉल आहे. वर्षातून दोन स्नेहभोजनं, एक नाटक, आणि बाकीचे दिवस कुणी कुणाला आधी नमस्कार करायचा यावरचे रुसवेफुगवे. एवढ्या सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणाल तर एकच होती, दर रविवारी सकाळी हॉलमध्ये भरणारा लहान मुलांचा मराठीचा वर्ग. तो एक बाई चालवत. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या कोल्हापूरकडच्या. त्या कुठल्याही शाळेत शिक्षिका नव्हत्या, पण सगळे त्यांना बाई म्हणत आणि मीही तेच म्हणत आले. त्यांचे यजमान फौजेत होते आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली, एवढंच मला ठाऊक होतं. जास्त मी कधी विचारलं नाही.

माझी मुलगी त्यांच्या हाताखाली मराठी वाचायला शिकली. शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरं तिला येत होती, पण ती "मतलब आई, हे काय लिहिलंय?" असं विचारायची आणि 'ळ' दिसला की अडखळायची. बाईंनी तिला फळ, केळं, बाळ, खुळा असं करत करत सहा महिन्यांत सरळ केलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूचे चौकोन कापून त्या अक्षरांचे पत्ते बनवत. हे काम मला जमलं नव्हतं, हे मी इथं कबूल करून टाकते.

गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यकारिणीने ठरवलं की रविवार सकाळचा हॉल झुंबाला हवा आहे. वर्गाला मुलं उरली होती तीन. ठराव झाला: जुलैअखेर दहा मुलं झाली तर वर्ग राहील, नाहीतर झुंबा. आणि मुलं यावीत म्हणून मंडळाची वेबसाइट करायची. उन्हाळ्यात बदल्या होतात, फौजेतली नवी मराठी कुटुंबं जयपूरला येतात, ती फोनवर शोधतीलच. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

त्या संध्याकाळी बाई माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आल्या. म्हणाल्या, "तुझ्या हातात हाय बघ आता. वर्ग हाय म्हणून मी हितं हाय, न्हाईतर लेक मला कवाच कोल्हापूरला घेऊन गेली आसती. तिकडं जाऊन मी काय करू गं? नातवंडं कॉलेजात, लेक-जावई कामावर. दिवसभर टीव्हीपुढं बसून मरायचं व्हय?"

मी म्हटलं, "बाई, दहा काय, वीस मुलं आणते."

मला माझ्या कामाचा गर्व होता. अजूनही आहे, पण त्याचं वजन आता पुष्कळ उतरलंय.

मग सुरू झाल्या बैठका. वेबसाइटवर सर्वांत आधी काय दिसावं? माझ्या मते मोठ्या अक्षरांत एक ओळ, मुलांसाठी मराठी वर्ग, रविवार सकाळ, आणि खाली फोन नंबर. अध्यक्षांच्या मते अध्यक्ष. निवृत्त कर्नल, मिशा पांढऱ्या, इस्त्री कडक. ते म्हणाले, "देखिए मॅडम, म्हणजे बघा, प्रोटोकॉल नावाची एक चीज असते." मग कार्यकारिणीच्या सगळ्यांचे फोटो एकामागून एक सरकत यावेत असं ठरलं, आणि कोणाच्या मागून कोण यावर पाच आठवडे गेले. पाच आठवडे! एक प्राध्यापक खजिनदार होते, त्यांचं म्हणणं, विभागप्रमुख हा कर्नलच्या बरोबरीचा असतो. एका डॉक्टरांनी आपला फोटो दोनदा बदलून पाठवला, कारण पहिल्यात टक्कल चमकत होतं. शेवटी अकरा चेहरे सेवाज्येष्ठतेने लागले आणि प्रत्येक चेहरा पुरते चार सेकंद थांबेल याची मोजदाद झाली.

त्यानंतर अध्यक्षांचं मनोगत. ते सचिवांनी लिहिलं, चांगलं चार पानी, त्यात मायमराठीच्या पदरापासून राजपुतान्याच्या वाळूपर्यंत सगळं आलं. त्यातली एक ओळ ते कापू देईनात. मग अध्यक्षांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, उघडल्याबरोबर सनई वाजायला हवी, कसं मंगल वाटेल. मी म्हटलं, अहो, कोणी ऑफिसात बसून उघडलं, दवाखान्याच्या रांगेत उघडलं, एकदम सनई वाजली तर माणूस दचकून बंद करेल. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही फार टेक्निकल विचार करता हं."

मी हात टेकले. म्हटलं, घ्या. चेहरे घ्या, मनोगत घ्या, सनई घ्या. येणाऱ्याचा जीव घ्या. मी मुद्दाम ती सनई अशी बसवली की बंद करायचं बटण सहज सापडू नये. घरी येऊन नवऱ्याला एकेकाच्या नकला करून दाखवल्या आणि आम्ही पोट धरून हसलो.

अर्ज तेवढा मी माझ्या ताब्यात ठेवला. वर्गात नाव घालण्याचा अर्ज. त्याला कोणालाही हात लावू दिला नाही. पालकाचं नाव, फोन, मुलाचं नाव आणि वय, मूळ जिल्हा, हुद्दा. बस्स, मोजके रकाने, मोठी अक्षरं, फोनच्या एका पडद्यावर मावणारा. हुद्दा कशाला, तर मंडळात माणूस हुद्द्यानेच ओळखला जातो. निमंत्रणाच्या पाकिटावरही नावाआधी तोच. हुद्द्याची यादी करताना मी मंडळातली माणसं डोळ्यांपुढे आणत गेले आणि वरून खाली लिहीत गेले: ब्रिगेडियर, कर्नल, मेजर, कॅप्टन, डॉक्टर, प्राध्यापक, अभियंता, बँक अधिकारी, उद्योजक. शेवटी इतर. रकान्यापुढे लाल चांदणी टाकली, म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. अर्धवट भरलेले अर्ज मला सहन होत नाहीत.

कोणतीही वेबसाइट लोकांपुढे ठेवण्याआधी मी ती एका साध्या माणसाकडून वापरून घेते. गप्प बसून त्याचं बोट कुठं अडतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, ही माझी पद्धत. बाईंना घरी बोलावलं. त्या शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या, चष्मा पुसला, आणि माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून एका बोटाने अर्ज भरू लागल्या. नाव घातलं, फोन घातला. मुलाच्या नावाच्या जागी नातवाचं नाव घातलं आणि जिल्हा कोल्हापूर निवडला. हुद्द्यापाशी येऊन त्या थांबल्या. यादी उघडली, खालपर्यंत गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या.

"हितं काय टाकू गं?"

"तुमच्या घरचं जे असेल ते टाका."

त्या पुन्हा वर गेल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "आणि न्हाई टाकलं तर?"

"तर पुढे नाही जाणार तो. काहीही टाका हो बाई, चाचणीच आहे ही."

मग त्यांनी काहीतरी दाबलं आणि अर्ज गेला. मी वहीत नोंद केली. आणि त्याच दुपारी यादी उघडायचा बाण दुप्पट मोठा केला. म्हातारी माणसं कुठं अडतात हे मला बरोबर दिसतं, असं वाटून मी स्वतःवर खूश झाले.

उद्घाटनाला लॅपटॉपसमोर नारळ फोडला. पाण्याचे थेंब उडून माझ्या कीबोर्डवर पडले. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं, तेवढ्यात हॉलचं इंटरनेट गेलं, पण टाळ्या झाल्याच. पडद्यावर काही दिसो न दिसो, टाळ्या वाजवायची सवय या लोकांना पहिल्यापासून आहे.

आणि मग कोणी आलं नाही.

म्हणजे वेबसाइटवर येत होते. कोण कुठल्या पानावर किती वेळ थांबलं हे मला घरी बसून दिसतं. मे महिन्यात रोज दोघं-चौघं, जूनमध्ये त्याहून जास्त. चेहरे सरकत होते, सनई वाजत होती, तरी लोक वर्गाच्या पानावर पोचत होते, अर्ज उघडत होते, आणि तिथून परत फिरत होते. अर्ज आला एकच, एका डॉक्टरांच्या मुलीचा. तिनांची चार झाली. मी निदान ठरवून टाकलं: माणूस एवढी वरात पार करून येईपर्यंत दमतो आणि अर्जापाशी त्याचा धीर सुटतो. मी कार्यकारिणीला एक जळजळीत संदेश लिहिला की तुमच्या चेहऱ्यांना आणि सनईला कंटाळून लोक पळतायत, एका वर्गाचा बळी तुमच्या हौसेने जाणार आहे. उत्तरादाखल अध्यक्षांनी अंगठा पाठवला. खजिनदारांनी हात जोडलेले पाठवले.

दर रविवारी बाई विचारत, "आलं का गं कोण?" त्यांनी उन्हाळाभर बसून अक्षरांच्या पत्त्यांचे दहा संच कापून ठेवले होते. वर्गात मुलं चार आणि त्या सतरंजी मात्र पुरती पसरत, सगळ्या हॉलभर. मला त्याचा राग यायचा. त्यांच्यावर नाही. त्या अकरा चेहऱ्यांवर.

जुलै संपला. शेवटच्या रविवारी बाईंनी मुलांना एकेक लाडू दिला, सतरंजीची घडी घातली, आणि दहाच्या दहा संच चपलांच्या खोक्यात भरून माझ्या हातात दिले. "कुणी आलंच तर दे," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात लेक येऊन त्यांना घेऊन गेली. मी स्टेशनवर गेले होते. त्या खिडकीतून म्हणाल्या, "तू लई केलंस गं. लोकांनाच नको आसंल तर तू काय करशील?" मी घरी येऊन रडले, आणि रडताना मंडळातल्या एकेकाला नाव घेऊन शिव्या दिल्या. हॉलमध्ये पुढच्याच रविवारपासून झुंबा सुरू झाला.

सप्टेंबरात एका सकाळी मी पिठाच्या गिरणीवर ज्वारी घेऊन गेले. इथं लोक बाजरी दळून नेतात, ज्वारी कमी, आणि तीही भरड. माझ्या पुढे एक तिशी-पस्तिशीची बाई उभी होती आणि गिरणीवाल्याला पुन्हा पुन्हा बजावत होती, "भैया, बारीक. एकदम बारीक. पिछली बार मोटा दिया, सारी भाकरी फट गई." ज्वारी एवढी बारीक मागणारी म्हणजे आपलीच. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी कंटाळून म्हणत होती, "मम्मी, चलो ना." ती बाई तिला म्हणाली, "मराठीत बोल की गं, जीभ झडती का तुझी?"

मी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

तिचा चेहरा एकदम उजळला. सातारा जिल्ह्यातली. नवरा फौजेत हवालदार, एप्रिलात बदली होऊन आलेले, दोन मुलं. मुलांचं मराठी सुटत चाललंय आणि गावी गेल्यावर आजीशी हिंदीत बोलतात, हे तिने मला दोन मिनिटांत सांगून टाकलं. माझ्या आतली जुनी जखम उघडली. मी म्हटलं, "अहो, मग आमच्या मंडळाचा वर्ग होता की मुलांसाठी. मुलं नाहीत म्हणून बंद पडला. वेबसाइटवर होतं सगळं."

"बघितली की मी, मॅडम."

"बघितलीत?"

"लई वेळा." तिने लगेच फोन काढून उघडून दाखवली. गिरणीच्या घरघरीत सनई वाजायला लागली. मी ओशाळून म्हटलं, "हे बघा, हे असलं काहीतरी त्यांनी..." पण ती हसत होती. "ही सनई आमच्या हिला भारी आवडती. नुसती सनई ऐकायला उघडत बसती." मुलगी लाजून आईच्या मागे गेली. मग ते चेहरे सरकू लागले. ती म्हणाली, "सगळी मोठी मोठी माणसं. बघून बरं वाटलं, एवढी आपली लोकं आहेत हितं." आणि ते मनोगत? ते तिने सबंध वाचलं होतं. "हितं मराठी वाचायला कुठं मिळतंय, मॅडम? मी दोनदा वाचलं. ह्यांनाबी वाचून दाखवलं."

जे जे येणाऱ्याला पळवून लावणार असं मी छातीठोक सांगत होते, त्या सगळ्यातून ही बाई हौसेने फिरली होती.

"मग अर्ज का नाही भरलात?"

तिने वर्गाचं पान उघडलं. माझा अर्ज. मोठी अक्षरं, मोकळी जागा, फोनच्या एका पडद्यावर मावणारा. तिचं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं, आणि यादी पटकन उघडली, कारण बाण चांगला मोठा होता.

"ह्यात आमचं कुठं आहे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "कर्नल आहेत, मेजर आहेत. शिपाई नाही, नाईक नाही, हवालदार नाही, सुभेदारसुद्धा नाही. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, ते साहेबलोकांचं मंडळ असेल, राहू दे. मी म्हटलं, 'इतर' टाकू का? तर म्हणाले, एकोणीस वर्षं नोकरी झाली माझी, मी इतर कसा?"

"पण नुसता फोन करायचा..."

"कशाला करायचा, मॅडम? त्यांनी लिहूनच ठेवलंय ना कोण पाहिजे ते."

गिरणीवाल्याने तिचा डबा पुढे सरकवला. तिने पिठात बोटं घालून चिमटीत चोळून पाहिलं आणि समाधानाने झाकण लावलं. "आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत आम्ही सहाजणी आहोत मराठी," ती म्हणाली. "सगळ्यींनी बघितली होती. एकजण भरायला निघाली होती, मीच म्हटलं तिला, कशाला उगी, पोरांना तिथं कोणी काही बोललं तर." प्रत्येकीची दोन मुलं. माझ्या कपाटावरच्या चपलांच्या खोक्यात संच दहा होते, आणि मुलं बारा.

मी तिला सांगितलं नाही. हा अर्ज मी केलाय, ही यादी माझी आहे, एवढं म्हणायला काही मोठं धैर्य लागत नव्हतं, पण तेवढंही माझ्याकडे नव्हतं. उलट मी म्हणाले, "हो ना, ते मंडळवाले जरा तसेच आहेत." हे वाक्य मी बोलले. माझी ज्वारी भरड दळली गेली आणि मला ते घरी येईपर्यंत कळलं नाही.

घरी येऊन मी तो रकाना काढून टाकला. दोन मिनिटांचं काम. मग आलेले अर्ज उघडले, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच नीट. दोनच ओळी. दुसरी डॉक्टरांच्या मुलीची. पहिली बाईंची, चाचणीची. पालकाचं नाव, फोन, नातू, जिल्हा कोल्हापूर. हुद्दा: इतर.

मी बाईंना फोन लावला. मागे टीव्ही चालू होता. इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, "बाई, तुमचे यजमान फौजेत कोण होते?"

"हवालदार होते की. पेन्शनीत आल्यावर तितल्याच एका कारखान्याच्या गेटावर होते धा वर्षं. का गं, आज कसं काय इचारतीस?"

"त्या दिवशी मला सांगितलं का नाहीत? यादीत नाही म्हणून?"

टीव्हीवर कोणीतरी हसत होतं.

"तूच म्हणालीस न्हवं, काहीबी टाका. आणि खाली जागा ठेवली होतीस की तू. मला वाटलं, तुमच्या मंडळात आमची जागा तीच आसंल." मग लगेच म्हणाल्या, "चटणी संपली आसंल नव्हं? पाठवू का कुणाच्या हाती?"

अठरा वर्षं त्यांनी त्या हॉलमध्ये शिकवलं होतं, आणि ते 'तुमचं' मंडळ होतं. मी चटणी पाठवा म्हणाले.

गिरणीवरच्या बाईला पुढच्या आठवड्यात गाठून मी ते खोकं दिलं आणि अर्ज माझाच होता हेही सांगितलं. ती म्हणाली, "असू दे मॅडम, मुद्दाम थोडंच केलं तुम्ही." मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मुद्दाम करणारा निदान बघून करतो. त्या अकरा जणांनी आपापले चेहरे लावले, पण कोणी आत येऊ नये असं त्यांनी कुठं लिहिलं नव्हतं. ते एकटीने मी लिहिलं, सुबक, एका पडद्यावर मावेल असं.

माझी ती वही अजून टेबलावर असते. बाईंच्या चाचणीच्या दिवशीचं पान मी फाडलेलं नाही. त्यावर माझ्या अक्षरात एकच नोंद आहे: वयस्कर माणसांना यादी उघडायला जमत नाही, बाण मोठा करणे. पुढे बरोबरची खूण आहे, काम झाल्याची.